धोका-वर्ग ‘उच्च’ म्हणजे पाळ फुटायला आली, असं नाही

गोंदिया जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलोपार्जित शेतात जुना खाजगी तलाव आहे. मातीची पाळ, पायथ्यापासून उंची सहा मीटरच्या आसपास, लांबी पावणेतीनशे मीटर. तलाव भरला की नऊ एकरांवर पाणी, सरासरी खोली दोन मीटर. खाली धानाच्या बांध्या, आणि चारशे मीटरवर गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली घरकुलांची वस्ती नि अंगणवाडी. मत्स्यपालनासाठी कर्ज मागितलं तेव्हा बँकेने एका अभियंत्याकडून पाहणी करून घेतली. अहवालात शेरा आला : ‘धोका-वर्ग उच्च, सद्यस्थिती साधारण’. तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. काका म्हणतात, शंभर वर्षांत काही झालं नाही, तो कागद ठेवून दे. धाकटा भाऊ म्हणतो, पाळ फोडून मोकळे होऊ. आणि मासेमारी करणारे म्हणतात, सांडव्यावर फूटभर रेतीची पोती लावा, पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल. काय करावं?

भाऊ, यातलं एकही करू नका. कारणं सविस्तर सांगतो.

आधी तो शेरा नीट वाचा. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि घरातला सगळा वाद त्या एकत्र केल्यामुळे झालाय. ‘धोका-वर्ग’ पाळीबद्दल काहीच सांगत नाही. समजा पाळ फुटलीच, तर खाली कोणाचं काय जाईल, एवढंच तो सांगतो. घरं किती, माणसं किती, शाळा, रस्ता, पूल काय आहे, यावरून तो ठरतो. केंद्रीय जल आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत त्याच्या चार पायऱ्या आहेत आणि ‘उच्च’ ही वरून दुसरी. पेट्रोल पंप शाळेला लागून असला म्हणजे तो गळतो असं नाही, पण त्याच्यावर नजर मात्र जास्त कडक ठेवावी लागते, तसंच हे. उद्या तुम्ही पाळ नवी कोरी बांधलीत तरी धोका-वर्ग ‘उच्च’च राहील, कारण वस्ती तिथेच राहणार. तो खाली येतो दोनच प्रकारे : पाणी कमी साठवलं तर, किंवा खालची माणसं दुसरीकडे गेली तर.

तुमच्या आजोबांच्या काळात हाच तलाव खालच्या वर्गात बसला असता. पाळ तीच, पाणी तेच, पण खाली फक्त बांध्या होत्या. घरकुलं झाली आणि पाळीला कोणी हात न लावता तिचा वर्ग बदलला. त्यामुळे काकांचं ‘शंभर वर्षांत काही झालं नाही’ खरं असलं तरी ते आजच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. त्या शंभर वर्षांत पाळ रात्रीतून गेली असती तर धान वाहून गेलं असतं. आज माणसं जातील.

‘एवढासा तलाव, त्यात काय’ हेही मनातून काढा. तुमच्या तलावात भरल्यावर साधारण 72 हजार घनमीटर पाणी असतं, म्हणजे सात कोटी लिटरच्या वर. साडेचार मीटर पाण्याच्या उंचीवर पाळ पायथ्यापर्यंत फुटली, तर आजवर फुटलेल्या मातीच्या धरणांच्या नोंदींवरून बसवलेल्या सूत्रांनी पाण्याचा शिखर लोंढा सेकंदाला 100 घनमीटरच्या घरात येतो. तुमचा सांडवा आज पूर्ण क्षमतेने वाहिला तर काढतो त्याच्या पाच-सहा पट. तलाव अर्ध्या-पाऊण तासात रिकामा होईल आणि लोंढ्याचं तोंड वस्तीवर तीन-चार मिनिटांत पोचेल.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ इथे 6 नोव्हेंबर 1977 च्या रात्री केली बार्न्स नावाचं मातीचं धरण फुटलं. खाजगी मालकीचं, उंची बारा मीटरच्या आसपास, मालक एक धार्मिक महाविद्यालय. खाली त्याच महाविद्यालयाची वस्ती होती. 39 माणसं गेली. सरकारच्या यादीत ठळकपणे नसणाऱ्या छोट्या खाजगी धरणांकडे तिथल्या केंद्र सरकारने गांभीर्याने बघायला सुरुवात केली ती त्यानंतर. आपल्याकडे 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसपेक्षा जास्त माणसं गेली. तिथे पाळीतून पाणी झिरपतंय हे गावकरी आधीपासून सांगत होते. दोन्हीकडे वेळ रात्रीची आणि पाऊस चालू, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडेल.

आता दुसरा शब्द, ‘सद्यस्थिती साधारण’. खरं काम इथे आहे. धोका-वर्ग तुमच्या हातात नाही, स्थिती आहे. पण नुसतं ‘साधारण’ म्हणून चालत नाही, कशामुळे साधारण ते अभियंत्याला लेखी विचारा. मोठ्या धरणांच्या तपासणीत उणिवांचे तीन वर्ग करतात : ज्यामुळे धरणच जाऊ शकतं अशा, तातडीने दुरुस्त करायच्या मोठ्या, आणि वर्षभरात उरकायच्या किरकोळ. तुमच्याही अहवालात प्रत्येक उणिवेपुढे यातला कोणता वर्ग ते लिहून घ्या. पिचिंगचे, म्हणजे पाळीच्या उतारावर बसवलेले, चार दगड सरकणं आणि तुडुमाशेजारून, म्हणजे पाळीतून पाणी सोडायची जी मोरी असते तिच्या कडेने, गढूळ पाणी येणं, दोन्ही ‘साधारण’ शब्दात मावतात, पण एकाला पुढचा उन्हाळा चालतो आणि दुसऱ्याला पुढचा आठवडा चालत नाही.

मातीची धरणं जगभर मुख्यतः दोन कारणांनी जातात : पाणी पाळीवरून गेलं म्हणून, किंवा पाळीच्या पोटातून, पायातून माती वाहून गेली म्हणून. दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा म्हणावा इतका सारखा आहे. बाकी सगळं त्यानंतर. म्हणून मी सांडवा आणि झिरपा या दोनच गोष्टींवर वेळ घालवतो.

सांडवा, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं ज्याला सलंग म्हणतात तो. तुमच्या अहवालात तो 12 मीटर लांब आहे आणि पाळीचा माथा त्याच्यापेक्षा दीड मीटर वर आहे. लाटा आणि पाळ थोडीफार दबणं यासाठी वरचे 60 सेंटिमीटर कोरडेच राखायचे असतात. उरले 90 सेंटिमीटर. रुंद माथ्याच्या सांडव्याचं सूत्र सोपं आहे : 1.7 गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीडवा घात. हिशेब येतो सेकंदाला साधारण साडेसतरा घनमीटर. आता पोती लावा. 90 चे उरले 60 सेंटिमीटर, आणि तोच सांडवा साडेनऊ घनमीटरवर येतो. पाणी वाढलं फूटभर, पण पूर काढायची ताकद जवळजवळ निम्म्यावर आली. उंचीचा दीडवा घात आहे म्हणून असं होतं, आणि हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून गावोगाव पोती लागतात.

पूर किती येईल? तुमचं पाणलोट दीड चौरस किलोमीटर. छोट्या पाणलोटाच्या अंदाजासाठी आपल्या भागात डिकन्सचं जुनं सूत्र अजून वापरतात. मध्य भारतासाठी त्याचा गुणक 14 ते 28 धरतात. त्याने पूर 19 ते 38 घनमीटर येतो. तलाव सांडव्यावर चढलेलं पाणी थोडा वेळ पोटात धरतो, त्यामुळे प्रत्यक्ष बाहेर पडणारा लोंढा यापेक्षा कमी असतो, आणि तो नेमका हिशेब अभियंत्याकडून करून घ्याच. पण कल आकड्यांवरून दिसतोच. पोती न लावताही तुमचा सांडवा काठावर आहे. लावली तर कमी पडतो. सांडवा 20 मीटर केला तर त्याच 90 सेंटिमीटरला 29 घनमीटर पाणी जातं. पैसा घालायचा तर पहिला इथे घाला.

भारतीय मानक 11223 मध्ये छोट्या धरणांसाठी शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरायला सांगितलाय. तुमचा तलाव साठ्याच्या हिशेबाने त्या यादीच्याही खाली येतो, तरी खाली वस्ती असताना यापेक्षा कमी पूर धरू नये असं माझं ठाम मत आहे. आणि ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षं निवांत, असं नसतं. दर वर्षी शेकडा एक एवढी शक्यता. तीस वर्षं धरली तर चारात एक. काकांना हा आकडा सांगा.

पाळीच्या माथ्याची पातळी एकदा स्वतः तपासा. अहवालातला ‘दीड मीटर’ बहुतेक सांडव्याजवळ मोजलेला असतो. पाळीवरून बैलगाडी, आता ट्रॅक्टर जातो ना? जिथून तो चढतो-उतरतो तिथे पाळ दबलेली असते, कधी फूट, कधी दीड फूट. पाणी पाळीवरून जाईल ते सरासरीवरून नाही, त्या एका खोलगट जागेवरून, आणि एकदा वाहायला लागलं की तीच जागा खोल खोल होत जाते. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतात तशी दर दहा मीटरवर लेव्हल घ्या, कागदावर मांडा. खोलगट जागा मुरूम टाकून, पाणी मारून, थरावर थर धुमस करून भरा. नुसती सैल माती टाकाल तर ती पहिल्या पावसातच बसते.

आता मासे. सांडव्यातून मासळी जाऊ नये म्हणून ढिवर भाऊ सांडव्याच्या तोंडावर जाळी बांधतात. त्यांचं नुकसान खरं आहे, त्यांच्याशी भांडू नका. पण ती जाळी जोराच्या पावसात कशी दिसते ते एकदा उभं राहून बघा : आधी पळसाची पानं येऊन चिकटतात, मग धानाच्या काड्या, मग बेशरमाच्या फांद्या आडव्या येतात, आणि तासाभरात जाळी राहत नाही, भिंत होते. अलीकडे पाणी वर, पलीकडे धार. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, असे तलाव मी पाहिलेत जिथे सांडवा जागच्या जागी होता आणि तरी पाणी पाळीवरून गेलं. उपाय आहे. जाळी सांडव्याच्या ओठावर न लावता तलावात आठ-दहा मीटर आत, मोठ्या अर्धगोलात लावा. लांबी वाढली की पाण्याचा वेग कमी होतो आणि कचरा चिकटून बसत नाही. खांब असे ठेवा की वरची दोरी सोडली की जाळी आडवी पडेल. आणि मोठ्या पावसाच्या रात्री ती सोडायची जबाबदारी कोणाची, ते मासेमारीच्या करारात नाव घालून लिहा.

झिरप्याकडे वळतो. मातीच्या पाळीतून पाणी झिरपतंच, त्याला घाबरायचं नाही. बघायचं ते तीन गोष्टींसाठी : पाणी स्वच्छ आहे का, तलावाची पातळी तीच असताना ते वाढतंय का, आणि नवीन जागी निघालंय का. दिवाळीच्या सुमारास, तलाव भरलेला असताना, खालच्या पायथ्याने सावकाश चाला. सगळीकडे गवत सुकत आलेलं आणि एकाच पट्ट्यात हिरवंगार, तर तिथे ओल आहे. पायाखाली जमीन दबते का बघा. जिथे पाणी गोळा होऊन वाहतं तिथे छोटा मातीचा आळा करून एक पाइपचा तुकडा बसवा आणि त्याखाली पंधरा लिटरची बादली ठेवा. मोबाइलवर वेळ लावा, बादली किती सेकंदांत भरते ते वहीत लिहा, आणि त्याच ओळीत त्या दिवशीची तलावाची पातळी. पातळीसाठी सांडव्याशेजारी रंगवलेली पट्टी लावली की झालं. पातळी वाढली आणि झिरपा वाढला, तर समजण्यासारखं आहे. पातळी तीच किंवा कमी, आणि बादली आधीपेक्षा लवकर भरतेय, तर आत काहीतरी उघडतंय.

त्याच पाण्याची एक काचेची बाटली भरून घरी न्या. रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी बोटाच्या नखाएवढाही मातीचा थर दिसला, तर तुमची पाळ आतून वाहून जात आहे. डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या पाण्यातही तो थर कधी कधी दिसतो, म्हणून बाटली. दर पंधरा दिवसांनी एक बाटली, तारीख चिकटवून, ओळीत ठेवा.

एक अजून साधी परीक्षा. पाळीची माती कन्हार असो, मोरांड असो की सिहार, तिचं सुपारीएवढं ढेकूळ स्वच्छ पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळालं तर उत्तम. ढेकूळ फुटून तळाशी बसलं आणि वरचं पाणी निवळ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा ढग उठला आणि तासाभराने तो तसाच राहिला, तर ती माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते. अशा मातीच्या पाळीत बारीकशी चीरही धोक्याची. मग मृद चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्या.

गढूळ झिरपा दिसला तर काय करायचं नाही ते आधी सांगतो, कारण गावात नेमकं तेच करतात. ओल्या जागेवर काळी माती थापून ती बंद करायची नाही. पाणी आत कोंडतं, पाळीच्या पोटात वर चढतं आणि मग दुसरीकडून, बहुतेक वेळा उतारच घेऊन, बाहेर येतं. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्या जागेवर आधी धुतलेली जाड रेती, वर बारीक गिट्टी, वर मोठी गिट्टी, शेवटी दगडाचं वजन. पाणी स्वच्छ होऊन निघायला लागलं की थांबायचं. एक ब्रास रेती आणि दोन ब्रास गिट्टी पावसाळ्यापूर्वी पाळीच्या पायथ्याशी टाकून ठेवा. रात्री दोन वाजता रेती मिळत नाही. हे प्रथमोपचार आहेत, पुढचं काम अभियंत्याचं.

सगळ्यात नाजूक जागा तुडूम. जुन्या पाळीत दगडी तुडूम किंवा पाइप जिथून जातो तिथे त्याच्या कडेची माती कधीच बाकीच्या पाळीइतकी घट्ट बसलेली नसते, आणि पाणी त्या कडेने वाट शोधतं. कोणी म्हणेल, जेसीबीने पाळीत चर मारून नवा पीव्हीसी पाइप टाकू, एका दिवसाचं काम. अजिबात नको. पाणी काढायला आणखी सोय हवी असेल तर पाळीवरून सायफन घाला, पाळीला भोक न पाडता काम होतं.

झाडं, बिळं, भेगा यांवर थोडक्यात. मनगटापेक्षा बारीक झुडपं, बेशरम, कोवळी बाभूळ मुळासकट काढा. मोठं झाड भरल्या तलावात उपटू नका, आणि नुसतं खोड कापून बुंधा सडायलाही सोडू नका, कारण मुळं कुजली की तिथे नळ्या तयार होतात. उन्हाळ्यात, परवानगी घेऊन, मुळाची जागा खोदून थरात भरायची. घुशीची, साळिंदराची बिळं खणून शेवटापर्यंत जा, मग भरा. तोंड बुजवून उपयोग नाही. काळ्या मातीच्या पाळीला मे महिन्यात भेगा पडतात. लांबीच्या दिशेने पडलेल्या उथळ भेगा नेहमीच्या. पाळ आडवी छेदणारी भेग दिसली तर तिथे लोखंडी सळई घालून खोली मोजा आणि फोटो अभियंत्याला पाठवा, कारण पहिल्या भरतीला पाणी तिच्यातूनच जाईल.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ 2017 पासून आल्यावर गाळ काढण्याचा उत्साह वाढला, आणि शेताला तो गाळ सोन्यासारखा आहे यात शंका नाही. पण पाळीच्या आतल्या पायथ्याशी साचलेला बारीक गाळ हा फुकट मिळालेला अस्तर असतो, तळातून होणारी गळती तोच अडवतो. जेसीबीवाला पाळीला चिकटून खोदतो, कारण तिथेच गाळ जाड आणि ट्रॅक्टरला रस्ता जवळ. पायथ्यापासून निदान पंधरा मीटर पट्टा सोडा, चुन्याने रेघ मारून द्या, आणि मुरूम लागला की खोदणं बंद. त्यानंतरच्या पावसाळ्यात बादली-बाटलीची वही जास्त काळजीने ठेवा.

आता धाकट्या भावाचं ‘फोडून मोकळं होऊ’. वस्तीची चिंता वाटते म्हणून तो बोलतोय, तेव्हा त्याला गप्प करू नका. पण भरल्या तलावाची पाळ कापणं म्हणजे ज्याची भीती तेच स्वतःच्या हाताने करणं. उन्हाळ्यात करायचं म्हटलं तरी तलाव तुमचा आहे म्हणून पाणी फक्त तुमचं असं नसतं. पूर्व विदर्भात जमीनदारी निर्मूलनानंतर बहुतेक मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांचे, तलाव सरकारकडे गेले, काही खाजगी राहिले, पण त्यांच्यावर गावाचे जुने हक्क आहेत : गुरांना पाणी, खालच्या बांध्यांना ओलीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161 चं निस्तार पत्रक आणि कलम 165 चं वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या अशा हक्कांच्या नोंदी, दोन्हींच्या नकला काढा आणि तुमच्या तलावासमोर काय लिहिलंय ते बघा. तलाव कायमचा बंद करायचा असेल तर तोही रीतसर आराखड्याचा विषय आहे : उतार देऊन, तळापर्यंत रुंद कापून, नाल्याला वाट करून.

पातळी खाली आणायची गरज पडलीच तर सावकाश, दिवसाला फूटभर. एकदम उतरवली तर भिजलेला आतला उतार पाण्याचा आधार गेल्यावर घसरतो.

माझी शिफारस विचाराल तर तलाव ठेवा. कोहळी लोकांनी ही तळी ज्या जागा हेरून बांधली, त्यावर झाडीपट्टीचं धान अजून उभं आहे. सांडवा रुंद होईपर्यंत मात्र पोती लावण्याऐवजी उलट करा : पावसाळ्यात तुडूम थोडं उघडं ठेवून पातळी सांडव्याच्या फूट-दीड फूट खाली राखा आणि हस्त नक्षत्रानंतर भरू द्या. मासळीला दोन महिने थोडं कमी पाणी मिळेल, चालेल.

कायद्याचं. धरण सुरक्षा अधिनियम 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. खाजगी मालकही त्यात येतात, पण धरण 15 मीटरपेक्षा उंच असलं पाहिजे, किंवा 10 ते 15 मीटर उंच असून माथ्याची लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर, पूर सेकंदाला 2000 घनमीटर, अवघड पाया किंवा वेगळी रचना यांपैकी एखादी अट पुरी होत असली पाहिजे. तुमचा तलाव त्यात बसत नाही. म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची सक्ती या कायद्याने तुमच्यावर नाही. तरी ती तुम्ही करा, कारण जबाबदारी दुसऱ्या दाराने येतेच.

1868 साली इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने एका गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत गेलं त्या खटल्यात सांगितलं, की धोक्याची वस्तू जमिनीवर साठवणारा तिच्या सुटण्याला जबाबदार, चूक असो वा नसो. सहाच वर्षांनी, 1874 साली, आपल्याकडचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायपीठापुढे, गेला. मद्रास इलाख्यात कार्वेतीनगरच्या जमीनदाराचे तलाव मोठ्या पावसात फुटले आणि रेल्वेमार्ग वाहून गेला. तिथे निकाल वेगळा लागला. हे तलाव इथल्या शेतीची पुरातन गरज आहे, जमीनदाराला ते राखावेच लागतात, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच तो जबाबदार. त्यानंतर कायदा बराच पुढे गेला आहे आणि तुमच्या बाबतीत नेमकं काय, ते वकीलच सांगेल. पण निष्काळजीपणाचा प्रश्न आला की पहिलं विचारतात, मालकाला माहीत होतं का? अहवाल तुमच्या हातात पडला त्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे. म्हणून काका म्हणतात तसा तो कागद ठेवून देणं ही सगळ्यात वाईट वाट. ती बादलीची वही, तारखेच्या बाटल्या, मुरमाच्या बिलांच्या पावत्या उद्या तुमच्या बाजूने बोलतील.

शेवटची गोष्ट वस्तीची, आणि ती या मृगाच्या आधी व्हायला हवी. पाणी तीन-चार मिनिटांत पोचतं म्हटल्यावर पाळ फुटल्यावर फोन करून उपयोग नाही, लक्षण दिसताच माणसं हलवायची. लक्षणं तीनच ठरवा : पाणी पाळीच्या सर्वांत खोलगट जागेपासून फूटभर उरलं, झिरपा गढूळ झाला, किंवा पाळीचा कुठलाही भाग घसरला. यातलं एक जरी दिसलं तरी वस्ती उठवायची, रात्र असली तरी, खोटं ठरलं तरी. जोराच्या पावसात पाळीवर कोणी चालायचं, त्याने कोणाला उठवायचं, पोलीस पाटील, सरपंच, कोतवाल यांचे नंबर, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि 112, हे सगळं एका पानावर लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. मंदिराचा भोंगा वाजला की कोणत्या उंच जागी जायचं ते घरोघरी जाऊन सांगा, बायकांना आधी, कारण रात्री म्हातारी माणसं आणि पोरं त्याच उचलतात. लोक घाबरतील, काही जण तुमच्यावर रागावतीलही. तरी सांगा.

बँकेला उत्तर देताना धोका-वर्ग कमी करून द्या असं अभियंत्याला विनवू नका, तो कमी होणार नाही आणि तसा लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उणिवांची यादी, प्रत्येकीपुढे दुरुस्तीची तारीख, सांडवा रुंद करण्याचं अंदाजपत्रक आणि वस्तीच्या इशाऱ्याचं ते एक पान जोडून द्या. कर्जाच्या रकमेतच सांडव्याचा खर्च धरता येतो का ते विचारा. आणि सांडव्याची लांबी, पाळीच्या लेव्हलचा कागद आणि झिरप्याच्या पहिल्या महिन्याच्या नोंदी मला इथेच पाठवा, सांडवा किती मीटर हवा त्याचा हिशेब बसवून देतो.